आमच्या घरांतला दुर्वास

म्हातारपणीं माणसाला कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर उरलेले दिवस पोथ्या चाळण्यांत आणि नातवंडांकडून शब्दरूपें म्हणवून घेण्यांत जातील, असा माझा समज होता. प्रत्यक्षांत मी रोज सकाळीं, स्नानापूर्वीं, एका माशाला लांब चिमट्यानें कोळंबी भरवीत असतों. हें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस सांगितलें तर ते विश्वास ठेवणार नाहींत. मासाहि साधा नव्हे; खाऱ्या पाण्यांतला, आणि स्वभावानें इतका तामसी कीं मुलांनीं त्याचें नांव 'दुर्वास' ठेवलें, तें बदलावेंसें कोणालाहि वाटलें नाहीं. या दुर्वासानें आमच्या घरीं एक जीव घेतला, एका मुलाचें बोट फोडलें आणि मला एक धडा शिकविला. तो धडा सांगण्यासाठींच हा लेख आहे. ज्यांच्या घरीं मुलांनीं अशा कांचपेटीचा हट्ट धरला असेल, त्यांना यांतून कांहीं उपयोगाची माहितीहि मिळेल.

मासा घरीं कसा आला

आमचें घर पुण्यांतलें, जुन्या वळणाचें. आम्ही दोघे भाऊ, आमचीं मुलें, सुना, नातवंडें मिळून चौदा पानें एका पंक्तीला बसतात. चार वर्षांपूर्वीं माझा थोरला नातू कॉलेजांत जाऊं लागला आणि शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्यानें तीन फूट लांबीची कांचेची पेटी घरीं आणली. तींत वाळू आली, दगड आले, मीठ कालविलेलें पाणी आलें; पण दीड महिना झाला तरी मासा कांहीं येईना. मीं विचारलें, "अरे, ही रिकामी पेटी किती दिवस पाहायची?" तो म्हणाला, "आजोबा, लोणचें मुरावें लागतें ना, तसें हें पाणी अजून मुरायचें आहे."

मला ही थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. मासा श्वासाबरोबर आणि मलाबरोबर अमोनिया नांवाचें विष पाण्यांत सोडीत असतो. समुद्रांत तें अफाट पाण्यांत विरून जातें. पेटींत तें सांठतें आणि मासा स्वतःच्याच विषानें मरतो. परंतु दगडांच्या छिद्रांतून आणि वाळूंतून एका जातीचे सूक्ष्म जंतु वाढले कीं ते अमोनियाचें नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. हें शेवटचें द्रव्य बरेंच सौम्य असून, मधून मधून कांहीं पाणी बदललें म्हणजे तें काबूंत राहतें. हे जंतु पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ज्याला तेवढा धीर नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये, ही पहिली गोष्ट मला नातवाकडून कळली. ज्याला शब्दरूपें पाठ करण्याचा कधीं धीर नव्हता त्यानें हा धीर धरला, याचें मला मनांतून कौतुक वाटलें. तें मीं बोलून दाखविलें नाहीं.

मासा आला तेव्हां मात्र घरांत वादळ उठलें. हा प्राणी कोळंबी, तिसऱ्या, माकूळ असले पदार्थ खातो, हें कळल्यावर आमच्या घरांतून स्पष्ट निकाल मिळाला कीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत यांतलें कांहींहि येतां कामा नये. शेवटीं तोड निघाली. मागल्या पडवींत एक लहानसें शीतकपाट ठेवलें गेलें. त्याचा चिमटा वेगळा, ताटली वेगळी, पुसायचें फडकेंहि वेगळें. माझ्या सौभाग्यवती अजूनहि त्या कपाटाकडे पाहात नाहींत. परंतु दुर्वासानें खाल्लें कीं नाहीं, ही चौकशी मात्र रोज करतात.

त्याचें कुळ आणि शील

हा मासा 'ट्रिगर' कुळांतला. या कुळाच्या सुमारे चाळीस जाति जगाच्या उष्ण समुद्रांतून आढळतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. या माशाच्या पाठीवर पुढच्या बाजूस एक जाड कांटा असतो. तो त्यानें उभा केला कीं मागचा लहान कांटा त्याच्या बुडाशीं खुंटीसारखा बसतो. मग पुढचा कांटा कितीहि दाबला तरी वाकत नाहीं. मागचा लहान कांटा दाबला, कीं चाप ओढल्याप्रमाणें पुढचा आपोआप आडवा होतो. रात्रीं झोपतांना किंवा भय वाटल्यास हा मासा खडकाच्या कपारींत शिरतो आणि कांटा उभा करून स्वतःला आंत पक्का अडकवून घेतो. मग त्याला ओढून काढणें कोणालाहि कठीण. दाराला आंतून अडसर घालणाऱ्या गृहस्थासारखीच ही रीत!

दुर्वासाची जात हिरवट काळसर रंगाची असून तिच्या अंगभर नारिंगी नागमोडी रेषा असतात. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत तिचा वावर आहे. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमान बेटांच्या भोंवतींहि ती सांपडते. पूर्ण वाढ झाली म्हणजे ती एक फुटापर्यंत भरते. या जातीचें पहिलें शास्त्रीय वर्णन १७९७ सालीं छापलें गेलें, आणि तें लिहिणारा गृहस्थ म्हणजे पुढें आफ्रिकेंतील नायजर नदीच्या शोधामुळें प्रसिद्धीस आलेला मंगो पार्क. त्याआधीं जहाजावरचा साहाय्यक वैद्य म्हणून तो सुमात्रा बेटास गेला होता. तेथील आठ माशांचीं वर्णनें त्यानें लिहून आणलीं, त्यांतला हा एक. भूगोल शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाहि ही गोष्ट ठाऊक नव्हती.

या माशाचे डोळे डोक्यावर बरेच मागें असतात आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. एका डोळ्यानें तो माझ्या हातांतला चिमटा पाहतो आणि दुसऱ्यानें मागें उभ्या असलेल्या नातीवर नजर ठेवतो. तोंड लहान, परंतु दांत आणि जबडा एवढे बळकट कीं खेकड्याचें कवच, शिंपले, प्रवाळांचीं टोंकें, कांहींहि तो फोडतो. या कुळांतले कांहीं मासे तर कांटेरी समुद्री अर्चिनवर तोंडानें पाण्याची धार सोडून त्याला उलथा पाडतात आणि खालच्या बाजूनें, जेथें कांटे आंखूड असतात तेथून, त्याला खातात. जो प्राणी अन्न मिळविण्यासाठीं इतकी युक्ति लढवितो त्याला निर्बुद्ध कसें म्हणावें? आमचा दुर्वास तर माणसें ओळखतो. मी आलों कीं तो कांचेपाशीं येतो. अनोळखी मनुष्य दिसला कीं कपारीच्या तोंडाशीं जाऊन उभा राहतो.

कांचपेटीची जन्मकथा

समुद्र घरांत आणून ठेवण्याची ही कल्पना फार जुनी नाहीं. आपल्याकडे बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लासां'त माशांच्या जाति आणि त्यांचें खाद्य यांची चर्चा केली आहे. पण ती गळ टाकून मासे धरण्याच्या राजविनोदासाठीं. खारें पाणी घरांत टिकविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत निघाली, आणि तिच्या आरंभीं एक गृहिणी आहे. अ‍ॅना थिन नांवाच्या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यांत हवा मिसळत राहिली तरच ते जगतील हें ओळखून, घरच्या मोलकरणीकडून उघड्या खिडकीपाशीं रोज अर्धा पाऊण तास तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतवून घेतलें जाई. आज जें काम विजेचा पंप अहोरात्र करतो तें त्या मोलकरणीनें हातानें केलें. ग्रंथांतून बाईंचें नांव राहिलें. मोलकरणीचें नांव मात्र माझ्या वाचनांत आलें नाहीं.

पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें पाणवनस्पति, गोगलगायी आणि मासे एकत्र ठेवून पाण्याचा समतोल कसा राखतां येतो हें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें. आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें घरोघरीं हा छंद पसरला. आपल्या मुंबईस मरीन ड्राइव्हवरचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरूं झालें. त्याचें उद्घाटन राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें होतें. लहानपणीं वडिलांचें बोट धरून मीं तें पाहिलें, तेव्हां कांचेपलीकडच्या निळ्या उजेडांत फिरणारे ते मासे मला अगदीं सुखी वाटले होते. तो समज पुढें पन्नास वर्षें तसाच राहिला.

माझी चूक

दुर्वास आला तेव्हां दोन बोटें लांबीचा होता. आठ महिन्यांत तो वीतभर झाला. दिवसभर तो पेटीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत येरझाऱ्या घाली, दगड तोंडानें लोटून देई, रात्रीं कपारींत जाऊन पडे. मला त्याची कींव येऊं लागली. आमच्यासारख्या भरल्या घरांत वाढलेल्या माणसाला एकटेपणाइतकें मोठें दुःख दुसरें वाटत नाहीं. मीं नातवाला म्हटलें, "बिचारा एकटा आहे म्हणून चिडतो. त्याच्याच जातीचा एक सोबती आण. समान शीलाच्यांचें सख्य होतें, हें काय तुला मीं शिकविलें नाहीं?"

नातू म्हणाला, "आजोबा, ही जात फार भांडखोर असते. सगळ्या पुस्तकांतून एकटाच ठेवावा असें लिहिलें आहे." मीं ऐकलें नाहीं. वडीलपणाचा एक दोष असा, कीं समोरच्याला अधिक माहिती आहे हें दिसत असलें तरी आपला शब्द खालीं पडूं द्यावासा वाटत नाहीं. पोरानें माझा मान राखला. तो एका दुकानांतून त्याच जातीचा, थोडा लहान मासा घेऊन आला. तिन्हीसांजेला आम्हीं त्याला पेटींत सोडलें. दुर्वास कांहीं वेळ स्तब्ध होता. मग त्याच्या अंगावरचा रंग गडद झाला, पाठीवरचा कांटा उभा राहिला आणि तो बाणासारखा सुटला. नवा मासा पळाला. पण पळून जाणार कोठें? तीन फुटांवर कांच होती. तेथून वळला तर पुन्हां दुर्वास. नातवानें मध्यें जाळी घालण्याचा प्रयत्न केला तेव्हां त्याचेंच बोट फुटलें. त्याच्या बोटाला पट्टी बांधतांना मीं म्हटलें, "उद्यांपर्यंत सवय होईल." दिवा मालवून आम्ही झोपावयास गेलों.

सकाळीं नवा मासा कोपऱ्यांत मेलेला आढळला. त्याचे पंख कुरतडलेले होते आणि एक डोळा नव्हता. दुर्वास नेहमींप्रमाणें कांचेपाशीं येऊन खाणें मागत होता. नातू मला एक शब्दहि बोलला नाहीं. त्यानें तो मासा काढला, परसांतल्या पारिजातकाखालीं पुरला आणि कॉलेजांत गेला. तो बोलला असता तर मला बरें वाटलें असतें.

राग कोणाचा?

त्यानंतर मीं त्याचीं पुस्तकें मागून घेतलीं आणि विद्यार्थ्यासारखा वाचावयास बसलों. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ, ज्यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं आक्रमक वृत्तीवर १९६३ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा आरंभच प्रवाळांच्या समुद्रांतील माशांपासून आहे. त्यांचें निरीक्षण असें, कीं या माशांचा मुख्य राग परक्यावर नसून स्वजातीयावर असतो. कारण उघड आहे. ज्याचें अन्न तेंच, ज्याची कपार तीच, तोच खरा वाटेकरी. म्हणून प्रत्येक मासा आपल्यापुरता खडकाचा एक तुकडा राखतो आणि दुसऱ्याला तेथून हांकून लावतो. लोरेन्झ यांच्या कांहीं तर्कांस पुढें इतर शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. परंतु मला त्यांतली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटली. समुद्रांत हरणारा मासा पळून जातो आणि सीमा ओलांडली कीं जिंकणारा त्याचा पाठलाग सोडतो. भांडण तेथेंच संपतें. पेटींत सीमा ओलांडतांच येत नाहीं. म्हणून जें भांडण समुद्रांत क्षणभर टिकलें असतें तें पेटींत रात्रभर चालतें आणि मरणानें संपतें.

याच कुळांतला टायटन नांवाचा मोठा ट्रिगर आपल्या घरट्यांतील अंड्यांची राखण करतांना पाणबुड्यांवरहि धांवून जातो. जाणते लोक सांगतात, कीं अशा वेळीं वर पळूं नये, बाजूला सरकावें. कारण त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंदावत जाते. त्या हद्दीबाहेर गेलें कीं तो शांत होतो. म्हणजे ज्याला आपण क्रोध म्हणतों तो खरोखर एक कुंपण आहे. दुर्वासाचा दोष इतकाच, कीं त्याचें कुंपण मोठें आणि आम्हीं दिलेली जागा लहान. त्या रात्रीं त्यानें जें केलें तें त्याच्या धर्माप्रमाणें केलें. हत्या माझ्या हातून घडली.

पाळावयाचाच असेल तर

यानंतर मासा कोणाला तरी देऊन टाकावा अशी सूचना घरांत निघाली. पण देणार कोणाला, आणि त्याची पेटी किती मोठी असेल? शेवटीं माझ्या निवृत्तिवेतनांतून मीं सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी करविली. तींत सुमारे साडेसहाशें लिटर पाणी मावतें. पाणी, दगड आणि कांच मिळून वजन आठशें किलोच्या घरांत जातें. म्हणून जुन्या घरांत अशी पेटी माडीवर कदापि ठेवूं नये. ती तळमजल्यावर, फरशीखालीं भक्कम जमीन असेल तेथेंच ठेवावी.

अनुभवानें जें कळलें तें थोडक्यांत सांगतों.

असा मासा एकटाच ठेवावा. ट्रिगर कुळांतल्या कांहीं जाति त्या मानानें सौम्य असतात. ही जात तशी नव्हे. सोबत हवी ती आपल्याला वाटते, त्याला नव्हे.

पाणी एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार या प्रमाणांत असावें. साधें खावयाचें मीठ चालत नाहीं, समुद्री मत्स्यपेटीसाठीं मिळणारेंच मीठ वापरावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशाला मारक असल्यामुळें पाणी शुद्ध करूनच घ्यावें. उष्णता २४ ते २७ अंश सेल्सियस बरी. पुण्याच्या वैशाखांत ती सहज वर चढते. त्यासाठीं पाणी थंड ठेवण्याचें यंत्र किंवा निदान पृष्ठभागावर पंखा हवा. पंख्यानें पाणी आटतें तेव्हां वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. आरंभीं मीं खारें पाणीच घालीत असें आणि क्षारांचें प्रमाण वाढवून बसलों होतों.

हा मासा खादाड, म्हणून घाणहि पुष्कळ करतो. गाळणी मोठी असावी आणि दर पंधरवड्यास दहा ते वीस टक्के पाणी बदलावें. वीज गेली तरी हवा मिळत राहावी यासाठीं विजेरीवर चालणारा पंप हाताशीं असावा. तारा, उष्णतेची नळी असलें सामान पेटीच्या आंत उघडें ठेवूं नये. तो तें चावतो. दगड एकावर एक रचले तर तो लोटून पाडतो. ते तळाशीं पक्के बसवावे.

त्याचे दांत आयुष्यभर वाढत असतात. म्हणून कोळंबी सालासकट आणि तिसऱ्या कवचासकट द्याव्यात, म्हणजे ते झिजतात. हात पेटींत कधींहि घालूं नये, चिमटा वापरावा. त्याला दुसरीकडे हलविण्याचा प्रसंग आला तर जाळीनें धरूं नये, कारण पाठीचा कांटा जाळींत गुंततो. एखादा डबा बुडवून पाण्यासकट उचलावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें: हा दहा वर्षांहूनहि अधिक जगूं शकतो. आज हट्ट करणारें मूल तोंवर शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परगांवीं गेलेलें असेल. मग हा चिमटा कोण धरणार, हें पेटी घेण्याआधींच ठरवावें. आमच्याकडे तो माझ्या हातीं आला आहे.

समुद्राचें देणें

बाजारांत मिळणारे बहुतेक समुद्री मासे घरीं जन्मलेले नसतात. ते समुद्रांतून धरून आणलेले असतात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाकडे कित्येक दशकें सायनाइड विष फवारून, मासे गुंगवून पकडण्याची रीत चालली. त्यानें आजूबाजूचे प्रवाळहि मरतात आणि पकडलेला मासाहि पुष्कळदां पुढें दगावतो. म्हणून मासा कोठून आणि कसा आणला हें विचारण्यास संकोच करूं नये. ज्याला सांगतां येत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. आपल्या देशांत प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ सालापासून संरक्षण आहे. शोभेसाठीं ते घरीं ठेवणें गुन्हा आहे. आमच्या पेटींतले दगड मातीचे भाजून केलेले आहेत. दुर्वासाला त्यांचें कांहीं वाईट वाटत नाहीं.

कंटाळा आला म्हणून मासा समुद्रांत सोडून देणें हेंहि पुण्यकृत्य नव्हे. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला विषारी कांट्यांचा लायनफिश १९८५ च्या सुमारास अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. पाळणाऱ्यांनीं सोडलेल्या माशांपासून त्याचा तेथें शिरकाव झाला असें मानलें जातें. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तेथील लहान माशांचा फडशा पाडीत आहे. एकदां घरीं आणलेल्या माशाची परतीची वाट आपणच बंद केलेली असते.

मनूचा मासा

हें सारें वाचतांना मला शतपथब्राह्मणांतली मनूची कथा आठवली. ती मीं वर्गांत अनेक वेळां सांगितली होती. परंतु तिचा एक अर्थ माझ्या लक्षांत आला नव्हता. मनूच्या ओंजळींत एक लहान मासा येतो आणि म्हणतो, "मोठे मासे लहानांना गिळतात, मला वांचव, पुढें मी तुला वांचवीन." मग तो संगोपनाची रीतहि सांगतो: आधीं मला घड्यांत ठेव, घडा अपुरा पडला कीं खड्डा खणून त्यांत ठेव, खड्डाहि अपुरा पडला कीं समुद्रांत नेऊन सोड. आम्ही शिक्षक या कथेंतल्या प्रलयाकडे आणि नौकेकडे पाहात आलों. पण मासा पाळण्याचा सगळा धर्म त्या आधींच्या तीन पायऱ्यांत आहे. ज्यानें जीव ओंजळींत घेतला त्यानें त्याच्या वाढीबरोबर जागा वाढवीत गेलें पाहिजे. मनूला शेवटची पायरी समुद्राची होती. आपल्याला ती नाहीं. म्हणून आपला खड्डा पुरेसा मोठा असेल तरच मासा घड्यांत घ्यावा, नाहीं तर त्याला नमस्कार करून दुकानांतच राहूं द्यावा.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. दुर्वास येण्याआधीं वर्षभर माझा पुतण्या बायकोमुलांसह नदीपलीकडे वेगळ्या बिऱ्हाडांत राहावयास गेला होता. भांडण मोठें नव्हतें; दोन खोल्यांत वाढतीं मुलें, अभ्यासाला जागा नाहीं, कोणीतरी कोणाला रोज कांहींतरी बोलावें, एवढेंच. पण त्यानें घर फोडलें असें माझ्या मनानें घेतलें आणि जवळजवळ दोन वर्षें मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीं. माणूस म्हणजे मासा नव्हे. आपल्याला वाणी आहे, विवेक आहे, एका पंक्तीचें सुख आहे, आणि एकत्र कुटुंबावरची माझी श्रद्धा आजहि तशीच आहे. परंतु मोठी पेटी माजघरांत बसविल्यावर पहिल्या दिवशीं मीं दुर्वासाला पाहिलें. तो सहा फूट लांब सावकाश गेला, वळला, परत आला; तासभर त्यानें एकहि दगड लोटला नाहीं. तेव्हां मला पुतण्याची आठवण झाली. त्याच संक्रांतीला आम्ही दोघें तिळगूळ घेऊन त्याच्या घरीं गेलों. त्यानें कांहीं विचारलें नाहीं, मींहि कांहीं स्पष्टीकरण दिलें नाहीं. त्याच्या मुलानें आपलें अभ्यासाचें टेबल मला दाखविलें. आतां सणावारीं तीं चौघें येतात, तेव्हां पंक्तींत अठरा पानें मांडतों.

नातू आतां नोकरीसाठीं बंगळूरला असतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न दुर्वासाविषयीं असतो, दुसरा माझ्या गुडघ्याविषयीं. त्या मेलेल्या माशाबद्दल तो मला आजतागायत कांहीं बोललेला नाहीं. मागल्या खेपेस घरीं आला तेव्हां मात्र मला खाणें भरवतांना पाहून म्हणाला, "आजोबा, चिमटा जरा लांबून धरा. तुमचें बोट फुटेल." मीं चिमटा लांबून धरला.